कौशल्याचा परवाना

भारतीय नागरिकाच्या पासपोर्टची पुस्तिका नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. आणि अभिमत विद्यापीठे वगळता महाराष्ट्रातील वैद्यकीय, नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी या शाखांच्या पदव्या 1998 मध्ये स्थापन झालेल्या ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे दिल्या जातात, त्याचे मुख्यालय त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. एकाच शहरातून निघणाऱ्या या दोन दस्तऐवजांच्या वाट्याला परदेशात मात्र फार वेगळी वागणूक येते. पासपोर्टचा आकार, त्यावरील नोंदींची जागा आणि यंत्राने वाचायच्या ओळी हे सारे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेले असल्यामुळे जगातील कोणत्याही विमानतळावर त्याची खातरजमा काही क्षणांत होते. पदवीसाठी असा जागतिक नमुना नाही. ती खरी आहे काय, ती देणारी संस्था कोणत्या दर्जाची आहे, त्या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवले गेले आणि ते आपल्याकडील शिक्षणाच्या तोडीचे आहे काय, हे प्रत्येक देश, काही देशांत प्रत्येक राज्य आणि अनेकदा प्रत्येक मालक आपापल्या परीने ठरवतो.

कुशल स्थलांतरित म्हणजे उच्च शिक्षण, मान्यताप्राप्त व्यावसायिक प्रशिक्षण किंवा दीर्घ अनुभव यांच्या बळावर दुसऱ्या देशात काम करण्यासाठी जाणारी व्यक्ती. डॉक्टर, परिचारिका, अभियंता, संगणकतज्ज्ञ यांच्याइतकेच आयटीआय झालेले वेल्डर, फिटर आणि वायरमनही या वर्गात मोडतात. अर्थशास्त्रात माणसाच्या अंगच्या अशा ज्ञानाला आणि कसबाला ‘मानवी भांडवल’ म्हणतात. गॅरी बेकर यांच्या 1964 मधील ग्रंथामुळे ही संकल्पना सर्वत्र रूढ झाली. भांडवल हा शब्द वापरला की ते कोठेही नेऊन गुंतवता येईल असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कसब माणसाबरोबर जात असले, तरी त्या कसबावरचा विश्वास मायदेशातच राहतो. नाशिकमधील रुग्णालयाला म्हसरूळची पदवी पुरते, कारण ती देणारे विद्यापीठ, तेथील परीक्षा आणि आधीच्या तुकड्यांचे काम रुग्णालयाच्या ओळखीचे असते. जर्मनीतील स्टुटगार्टच्या रुग्णालयाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. हा विश्वास नव्या देशात नव्याने उभा करावा लागतो आणि त्यासाठी लागणारा काळ, पैसा व मनस्ताप हाच कुशल स्थलांतरितांच्या रोजगाराच्या प्रश्नाचा गाभा आहे.

परवान्याचे व्यवसाय आणि बिनपरवान्याचे व्यवसाय

या प्रश्नाची तीव्रता सर्व व्यवसायांत सारखी नसते. ज्या व्यवसायात कायद्याने ठरवलेल्या संस्थेकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही, त्याला नियंत्रित व्यवसाय म्हणतात. वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, वकिली ही त्याची ठळक उदाहरणे होत. ज्या व्यवसायात अशी नोंदणी सक्तीची नसते आणि उमेदवाराची पारख मालकानेच करायची असते, तो अनियंत्रित व्यवसाय. संगणक प्रणाली लिहिण्याचे काम या दुसऱ्या गटात येते. गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातून संगणक अभियंते मोठ्या संख्येने परदेशी स्थिरावले, त्यामागे त्यांच्या गुणवत्तेइतकाच या सुटसुटीतपणाचा वाटा आहे. कारण संगणकाची भाषा पुण्यात आणि कॅलिफोर्नियात एकच असते आणि उमेदवाराला काम येते की नाही हे तासाभराच्या चाचणीत कळते. रुग्णाला औषध देणाऱ्या परिचारिकेची पारख तासाभरात होत नाही आणि तिच्या हातून झालेल्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच तिथे परवान्याची भिंत उभी असते.

ही भिंत सार्वजनिक सुरक्षिततेसाठी उभारलेली असली, तरी तिच्या आड आधीपासून व्यवसायात असलेल्यांचे हितसंबंधही सांभाळले जातात. नोंदणी देणाऱ्या मंडळांवर बहुधा त्याच व्यवसायातील लोक बसलेले असतात आणि बाहेरून येणाऱ्यांची संख्या आटोक्यात राहणे त्यांच्या सोयीचे असते. त्यामुळे कोणती अट रुग्णाच्या भल्यासाठी आहे आणि कोणती स्पर्धा रोखण्यासाठी, हे वेगळे काढणे अवघड होऊन बसते.

कागदांची साखळी

परवान्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी कागदपत्रांची साखळी पूर्ण करावी लागते. पदवीवर राज्य शासनाचे प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर आणि शेवटी संबंधित देशाची स्वीकृती असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. परदेशी कागदपत्रांना परस्परमान्यता देणाऱ्या 1961 च्या हेग कराराचा भारत 2005 पासून सदस्य आहे. या कराराच्या सदस्य देशांत ‘अपोस्टिल’ नावाची एकच मोहोर पुरते, परंतु संयुक्त अरब अमिरातींसारख्या सदस्य नसलेल्या देशांसाठी दूतावासाचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो. ही मोहोर केवळ कागद खरा असल्याचे सांगते. त्या कागदावरील शिक्षण पुरेसे आहे की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. अनेक उमेदवारांचा पहिला भ्रमनिरास येथेच होतो.

महाराष्ट्रातील उमेदवारांची एक अडचण खास इथल्या नावलेखनाच्या पद्धतीतून निर्माण होते. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र जाते. परदेशी कार्यालयातील कर्मचारी गुणपत्रिकेवरील पहिला शब्द उमेदवाराचे नाव आणि शेवटचा शब्द आडनाव समजतो, आणि वडिलांच्या नावाने नवीच व्यक्ती कागदोपत्री जन्माला येते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत गुंता वाढतो. कारण तिची पदवी माहेरच्या नावाने, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या नावाने आणि पासपोर्ट पतीचे नाव मध्ये घालून काढलेला असतो. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि शासकीय राजपत्रातील नावबदलाची नोंद एवढे सगळे जोडावे लागते.

या साखळीतील प्रत्येक कागदाला स्वतंत्र मुदत असते. आयईएलटीएससारख्या इंग्रजी परीक्षेचा निकाल साधारण दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, पोलीस पडताळणीचा दाखला त्याहून कमी काळ चालतो आणि विद्यापीठाकडून थेट परदेशी मंडळाकडे जाणारी गुणपत्रकांची प्रमाणित प्रत वेळेवर पोहोचलीच पाहिजे असा आग्रह असतो. एक कागद हाती येईतो दुसऱ्याची मुदत उलटते, तो नव्याने काढावा तर तिसरा शिळा होतो, आणि दरम्यानच्या काळात उमेदवाराने नोकरी सोडली असेल, तर ‘अलीकडचा कामाचा अनुभव’ ही अटही हातची निसटते.

मान्यता मिळते आणि काढूनही घेतली जाते

पदवीची मान्यता केवळ शिक्षणाच्या दर्जावर ठरते, हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये स्थापन झाले आणि ब्रिटिश राजवटीतील भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिल दीर्घकाळ मान्य करत होती. प्रसूतिशास्त्राचे प्रशिक्षण पुरेसे नाही आणि सर्व महाविद्यालयांच्या दर्जाची हमी देणारी मध्यवर्ती यंत्रणा भारतात नाही, या वादातून 1930 मध्ये ती मान्यता थांबवण्यात आली. त्याची प्रतिक्रिया म्हणून 1933 चा कायदा झाला आणि भारतीय वैद्यक परिषद अस्तित्वात आली. पुढे मान्यता परत मिळाली. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यानंतर तेथील रुग्णालयांना डॉक्टरांची इतकी चणचण भासू लागली की भारतीय उपखंडातील डॉक्टरांना हाका मारून बोलावले गेले. हीच मान्यता 1975 मध्ये पुन्हा काढून घेतली गेली आणि तेव्हापासून भारतीय पदवीधराला ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी बहुधा स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा आज ‘प्लॅब’ या नावाने ओळखली जाते. या साऱ्या काळात महाविद्यालय तेच होते आणि त्याचे शवविच्छेदनगृहही तेच होते. बदलत गेली ती ब्रिटनची गरज आणि दोन देशांमधील राजकीय संबंध.

अमेरिकेतील व्यवस्था आणखी कडक आहे. तेथे परदेशी डॉक्टरला 1956 पासून कार्यरत असलेल्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र आणि परवाना परीक्षेचे टप्पे पार करावे लागतात, आणि त्यानंतरही रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण, पहिल्यापासून करावे लागते. नाशिकमध्ये पंधरा वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनलाही नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या तरुणांच्या रांगेत उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. डॉक्टरांच्या टंचाईमुळे टेनेसीसारख्या राज्याने 2023 मध्ये कायदा करून अनुभवी परदेशी डॉक्टरांसाठी या अटीतून वाट काढली.

या बाबतीत भारतही काही वेगळे वागत नाही. रशिया, युक्रेन, फिलिपिन्स अशा देशांत एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला 2002 पासून एफएमजीई ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय येथे व्यवसाय करता येत नाही. आपल्या मुलांना परदेशात नव्याने परीक्षा द्यावी लागते याचे दुःख मानणारा समाज परक्या पदवीच्या बाबतीत तेवढाच साशंक असतो, आणि तो तसा असण्यामागे रुग्णांच्या सुरक्षिततेचे सबळ कारणही असते. परीक्षा असावी की नसावी हा म्हणूनच वादाचा मुद्दा नाही. ती कशाची असावी आणि एका परीक्षेने भागत असताना सारे शिक्षण पुन्हा का करायला लावावे, हा खरा मुद्दा आहे.

अभियंत्याची अडचण

अभियांत्रिकीत पदव्यांच्या परस्परमान्यतेसाठी 1989 चा ‘वॉशिंग्टन करार’ आहे आणि भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. मात्र या कराराचे कवच देशातील प्रत्येक अभियांत्रिकी पदवीला मिळत नाही. भारताच्या वतीने नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन ही संस्था महाविद्यालयाला नव्हे तर त्यातील एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, आणि स्वायत्त संस्थांसाठी असलेल्या वरच्या श्रेणीतील मानांकनालाच कराराचा लाभ मिळतो. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले असंख्य पदवीधर त्यामुळे कराराबाहेरच राहतात. नाशिकमधील अभियांत्रिकी महाविद्यालये परंपरेने पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने हा बारकावा या शहराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

मानांकनाचा फटका किती अनपेक्षितपणे बसू शकतो, हे कुवेतमध्ये 2018 साली दिसून आले. तेथे परदेशी अभियंत्याच्या निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत अभियंता संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले आणि भारतीयांच्या बाबतीत त्या संघटनेने नॅशनल बोर्डाच्या मानांकनाची अट घातली. हे बोर्डच मुळी 1994 मध्ये स्थापन झालेले असल्यामुळे त्यापूर्वी पदवी घेतलेल्यांकडे असे मानांकन असणे शक्यच नव्हते, आणि नंतरच्यांपैकीही अनेकांच्या महाविद्यालयांनी त्या काळी ते घेतलेले नव्हते. वर्षानुवर्षे तेलशुद्धीकरण आणि बांधकाम प्रकल्पांवर काम केलेल्या माणसांचा ‘अभियंता’ हा हुद्दाच एका नियमाने धोक्यात आला. अनेकांना कनिष्ठ हुद्द्यावर परवाना घेऊन नोकरी टिकवावी लागली.

कॅनडाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. त्या देशाने 1967 मध्ये गुणांक पद्धत सुरू केली, म्हणजे शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांना गुण देऊन स्थलांतरित निवडण्यास प्रारंभ केला. उच्च शिक्षणाला त्यात भरघोस गुण मिळत असल्यामुळे अभियंत्याला आपल्या पदवीचे स्वागत झाले असे वाटते. पण गुण देणारे संघराज्य सरकार वेगळे आणि अभियंता म्हणून परवाना देणारी प्रांतिक संस्था वेगळी. येण्याचे दार एकाच्या हाती आणि कामाचे दार दुसऱ्याच्या हाती, अशा या विभागणीमुळे ज्या पदवीच्या जोरावर माणसाला देशात घेतले, तीच पदवी देशात आल्यावर अपुरी ठरते. ओंटारिओ प्रांतात तर अभियंत्याच्या परवान्यासाठी किमान बारा महिन्यांच्या कॅनेडियन अनुभवाची अट 2023 पर्यंत लागू होती. परवान्यासाठी अनुभव हवा आणि तो अनुभव देणाऱ्या कामासाठी परवाना हवा, अशा या चक्रात अनेकांची उमेदीची वर्षे गेली.

बदललेली सवय

सर्व अटींना निव्वळ अडवणूक म्हणणेही बरोबर नाही, कारण कौशल्याचा काही भाग खरोखरच स्थळाशी बांधलेला असतो. नाशिकच्या काळ्या, पाण्याने फुगणाऱ्या मातीत पाया घेण्याचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला टोरोंटोत जमीन गोठण्याचा विचार करून पाया सुमारे 1.2 मीटर खोल न्यावा लागतो. आणि ज्या आयएस 456 या भारतीय मानकावर त्याने आयुष्यभर काँक्रीटची गणिते केली, त्याच्या जागी तेथील मानक आत्मसात करावे लागते. तत्त्व तेच असले, तरी कोष्टके बदलतात.

वायरमनच्या कामात हा फरक जिवावर बेतू शकतो. भारतातील प्रचलित रंगसंकेतानुसार तीन फेजसाठी लाल, पिवळी व निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी वायर वापरली जाते. जर्मनीत फेजच्या वायरी तपकिरी, काळ्या व करड्या असतात, न्यूट्रल निळी असते आणि अर्थिंग हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची. नाशिकमधील सातपूरच्या आयटीआयमध्ये ज्याचा हात बसला, त्याच्या दृष्टीने काळी वायर म्हणजे न्यूट्रल. जर्मनीत तीच काळी वायर विद्युतभारित असते, आणि इथे फेज असलेली निळी वायर तिथे न्यूट्रल ठरते. हा फरक पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात, पण घाईच्या क्षणी मेंदूआधी हात चालतो आणि ती सवय मोडण्यास काही महिने लागतात. जर्मनीत कारखान्यातील काम आणि व्यवसायशाळेतील शिक्षण एकाच वेळी चालणारी, बहुधा तीन ते साडेतीन वर्षांची ‘दुहेरी’ प्रशिक्षण पद्धत रूढ आहे. तिच्याशी तुलना करताना आयटीआयच्या दोन वर्षांच्या प्रमाणपत्राला अनेकदा केवळ अंशतः समकक्षता मिळते, ती कालावधी आणि कारखान्यातील सराव यांतील याच फरकामुळे.

परिचारिकेच्या बाबतीत तांत्रिक ज्ञानापेक्षा कामाची वाटणी अधिक अडचणीची ठरते. महाराष्ट्रातील रुग्णालयात रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे बहुतांशी नातेवाईक, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात, आणि शिरेतून इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, औषधांच्या नोंदी ठेवणे ही परिचारिकेची मुख्य कामे समजली जातात. जर्मनीत रुग्णाची शारीरिक निगा हा नर्सिंगचा पायाच मानला जात असल्याने ती परिचारिकेनेच करायची असते, तर शिरेतून इंजेक्शन देण्याची जबाबदारी पुष्कळदा डॉक्टरांकडे राहते. चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग पदवी घेऊन गेलेल्या परिचारिकेला त्यामुळे आपला दर्जा उतरल्यासारखे वाटते, आणि तेथील सहकाऱ्यांना ती मूलभूत काम टाळते असे वाटते. दोन्ही बाजूंचा गैरसमज एकाच कारणातून उद्भवतो, पण ते कारण प्रस्थानापूर्वीच्या प्रशिक्षणात क्वचितच उलगडून सांगितले जाते.

जर्मनीतील प्रक्रियेत संबंधित राज्याचे प्राधिकरण भारतीय अभ्यासक्रमाची तासांनिशी तुलना करून कोणते विषय कमी पडतात याचे पत्र देते, आणि उमेदवाराला ती उणीव पूरक प्रशिक्षणाने किंवा ज्ञानपरीक्षेने भरून काढावी लागते. तोपर्यंत परिचारिकेची नेमणूक साहाय्यक म्हणून आणि पगार त्याच मानाने कमी असतो. भाषेची अट बहुधा बी-2 पातळीची असते. ए-1 पासून सी-2 पर्यंतच्या सहा पायऱ्यांच्या युरोपीय मोजपट्टीवरील ही चौथी पायरी होय. वर्गात प्रमाण जर्मन शिकून स्टुटगार्टच्या परिसरात गेलेल्या परिचारिकेला तेथील वृद्ध रुग्णांची श्वेबिश बोली मात्र नव्यानेच शिकावी लागते. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल संगणकावरील चाचणी आणि ‘ऑस्की’ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा घेते. या दुसऱ्या परीक्षेत हात धुण्यापासून रुग्णाशी बोलण्यापर्यंतची प्रत्येक कृती परीक्षकासमोर ठरलेल्या क्रमाने करून दाखवायची असते.

मालकाचा अविश्वास

परवाना हाती आला, किंवा व्यवसायच बिनपरवान्याचा असला, तरी नोकरी मिळेल याची शाश्वती नसते. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या ‘संकेत सिद्धान्ता’नुसार मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवी, आधीची कंपनी, संस्थेचे नाव अशा खुणांवरून अंदाज बांधतो. परक्या देशातील खुणा त्याला वाचताच येत नसल्या, तर तो धोका पत्करण्याऐवजी अर्ज बाजूला ठेवतो. अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरियोपोलस यांनी कॅनडात सुमारे 13 हजार काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून याची पडताळणी केली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शिक्षण आणि अनुभव समान असतानाही इंग्रजी वळणाच्या नावांना भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आली, आणि अनुभव परदेशातील असल्यास बोलावणी आणखी घटली. नावामुळे बसणारा फटका हा उघड भेदभाव आहे. अनुभवाच्या स्थळामुळे बसणाऱ्या फटक्यात अज्ञान आणि भेदभाव यांची सरमिसळ असते. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्ये ‘कॅनेडियन अनुभवा’ची सरसकट अट भेदभावकारक ठरवली, आणि त्यानंतर त्या प्रांताने कायदे करून ती आधी नियंत्रित व्यवसायांतून आणि मग नोकरीच्या जाहिरातींतून हटवण्याच्या दिशेने पावले टाकली.

अशा वेळी ओळखीपाळखी कामाला येतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की नोकरीची उपयुक्त बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. 1932 पासूनचे लंडनचे महाराष्ट्र मंडळ किंवा 1981 मध्ये स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ यांच्याकडे गणेशोत्सव आणि नाटकांचे आयोजक म्हणून पाहिले जाते. परंतु कोणत्या कंपनीत जागा आहे, कोणती परीक्षा आधी द्यावी, हे नवागताला अशा जमण्यांतूनच कळते. या जाळ्याची मर्यादा अशी की ते बहुधा आपल्यासारख्याच लोकांपर्यंत पोहोचते: संगणक अभियंत्याला तेथे दहा मार्गदर्शक भेटतात, वेल्डरला एखादाही भेटण्याची खात्री नसते.

व्हिसाला बांधलेली नोकरी

काही देशांत नोकरी मिळाल्यानंतरही कुशल स्थलांतरित मोकळा होत नाही. अमेरिकेच्या एच-1बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 65 हजार आणि तेथील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी 20 हजार एवढी आहे. हा व्हिसा विशिष्ट मालकाशी जोडलेला असल्यामुळे नोकरी गेल्यास साधारण 60 दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो. सप्टेंबर 2025 मधील अध्यक्षीय आदेशाने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेल्याने मालकांचा हात आणखी आखडला. कायम वास्तव्याच्या रोजगाराधारित परवान्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची होते, आणि तोवर हुद्दा किंवा कामाचे स्वरूप बदलतानाही दहादा विचार करावा लागतो.

या व्यवस्थेची सर्वाधिक झळ सुशिक्षित पत्नींना बसते. एच-1बी धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर मुळात काम करण्यास मनाई होती. 2015 पासून ज्यांच्या जोडीदाराची कायम वास्तव्याची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली आहे, अशांनाच कामाची परवानगी मिळू लागली. अभियंता, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट अशा पदव्या घेतलेल्या मराठी स्त्रियांची लग्नानंतरची कित्येक वर्षे या प्रतीक्षेत घरी बसून गेली, आणि कामातील ही पोकळी पुढे प्रत्येक मुलाखतीत आड आली. जर्मनीत कुशल कामगाराच्या जोडीदाराला येताच काम करण्याची मुभा असते. म्हणजे ही झळ अटळ नसून धोरणाने टाळता येण्याजोगी आहे.

करारांचे मोजमाप

मान्यतेचा प्रश्न व्यक्तीने एकट्याने सोडवण्याचा नसून दोन राज्यव्यवस्थांनी मिळून सोडवण्याचा आहे, ही जाणीव अलीकडच्या करारांत दिसते. भारत आणि ब्रिटन यांनी जुलै 2022 मध्ये पदव्यांच्या परस्परमान्यतेचा करार केला, पण अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुकला हे व्यवसाय त्यातून वगळले, म्हणजे ज्यांना मान्यतेची सर्वाधिक निकड होती तेच बाहेर राहिले. जर्मनीशी डिसेंबर 2022 मध्ये स्थलांतर भागीदारीचा करार झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्या देशाने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार करून पहिल्या टप्प्यात सुमारे 10 हजार युवकांना परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कामांसाठी पाठवण्याचे ठरवले आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार उचलण्याची तयारी दर्शवली. केरळने मात्र नोर्का-रूट्ससारख्या शासकीय संस्थेमार्फत परिचारिकांच्या स्थलांतराची व्यवस्था याआधीच बसवली होती, आणि 2021 मध्ये जर्मन शासकीय संस्थांशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमाचा करार करून भाषाशिक्षण, नेमणूक आणि मान्यताप्रक्रिया यांची एकत्र सांगड घातली.

शासकीय मार्ग अपुरे असतील तेथे एजंटांचे फावते. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. त्याच्या कितीतरी पट रक्कम कर्ज काढून मोजलेली व्यक्ती परदेशात पोहोचते, तेव्हा पात्रतेची परीक्षा देण्याइतकी उसंत तिच्यापाशी नसते. हप्ता भरण्यासाठी ती मिळेल ते काम धरते, त्या कामाच्या पाळ्यांमुळे अभ्यास मागे पडतो, आणि दोन-तीन वर्षांनी मूळ व्यवसायातला हात सुटतो. उच्चशिक्षित माणसाने कायम हलक्या कामात अडकण्याला ‘कौशल्याचा अपव्यय’ म्हणतात. मायदेशाने त्याच्या शिक्षणावर खर्च केलेला असतो आणि नव्या देशाला त्याच्या कसबाची गरज असते, त्यामुळे या अपव्ययात दोन्ही देशांचे नुकसान होते.

यासाठीच किती युवक परदेशी पाठवले, या आकड्याने अशा करारांचे यश मोजणे फसवे आहे. पाठवलेल्यांपैकी किती जणांना तीन वर्षांनंतर पूर्ण मान्यता मिळाली, किती जण स्वतःच्या व्यवसायात स्वतःच्या हुद्द्यावर काम करत आहेत आणि मान्यतेचा खर्च कोणी उचलला, हे प्रश्न विचारल्यास कराराचे खरे मोल कळते. अभ्यासक्रमांची तासांनिशी तुलना उमेदवार निघण्याआधीच दोन्ही बाजूंच्या संस्थांनी करून ठेवली, कमी पडणारे विषय येथील महाविद्यालयात आणि आयटीआयमध्येच शिकवले, आणि विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी पासपोर्टइतक्याच तत्परतेने मिळू लागली, तर प्रतीक्षेची वर्षे महिन्यांवर येतील. यांतील निम्मे काम परदेशी सरकारांच्या नव्हे, तर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या, परिषदांच्या आणि शासनाच्या हातचे आहे.